सिस्टरच्या जहाजावरची माणसं

तिला सगळे सिस्टर म्हणतात. इमारतीतले म्हणतात, दूधवाला म्हणतो, औषधाच्या दुकानातला म्हणतो आणि लग्नाला अडतीस वर्षं होऊन गेली तरी नवराही म्हणतो. सुरुवातीला तो जिन्यातून "सिस्टर, किल्ली राहिली!" असं ओरडला की वरचा आणि खालचा असे दोन्ही मजले कान टवकारायचे. कुणी विचारलंच तर त्याचं उत्तर तयार असे : "घरात मी पेशंट आहे. पेशंटने दुसरं काय म्हणायचं?"

बत्तीस वर्षं सिस्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होती. तिथे तिचं मुख्य काम मोजायचं. पोट उघडण्याआधी चिमटे, कात्र्या, सुया, कापडाच्या घड्या, सगळं मोठ्याने मोजायचं आणि पोट शिवण्याआधी तेच सगळं पुन्हा मोठ्याने मोजायचं. आकडा जुळला तर टाके. नाही जुळला तर डॉक्टर कितीही मोठा असो, त्याची बायको खाली गाडीत बसून कितीही हॉर्न वाजवो, टाके नाहीत. एकदा एक चिमटा कमी भरला. मोठे सर्जन म्हणाले, "सिस्टर, तुमचंच मोजायला चुकलं असेल. द्या सुई इकडे." सिस्टरने सुईचा ट्रे उचलला आणि पाठीमागे धरला. सर्जन ओरडले, भूल देणारे डॉक्टर छताकडे बघू लागले, पेशंट बिचारा उघडाच. वीस मिनिटांनी चिमटा सापडला, तो सर्जनच्याच रबरी बुटात. ते सॉरीबिरी काही म्हणाले नाहीत. पण त्यानंतर पार रिटायर होईपर्यंत टेबलापासून हलताना ते आधी बूट झटकायचे.

अशा बाईच्या हातात खेळायचं यंत्र आलं, ते निरोपाच्या भेटीमुळे. सहकाऱ्यांनी तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते टांगायला ती स्टुलावर चढली आणि घड्याळासकट खाली आली. घड्याळ चालू राहिलं, घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. तिसऱ्या दिवशी लेकीने आपल्या खणातून एक हातात मावणारं गेमचं यंत्र काढून आईच्या उशाशी ठेवलं. म्हणाली, "बाबांना ओरडून कंटाळलीस की हे घे."

त्यात समुद्री चाच्यांचा गेम होता. आपण कॅप्टन व्हायचं, माणसं गोळा करायची, दिसेल ते जहाज लुटायचं. सिस्टरने पहिल्याच दुपारी एक मालवाहू जहाज मिठाच्या पोत्यांसकट बुडवलं. त्या दिवशी तिने दुखण्याची गोळी मागितली नाही, हे नवऱ्याने टिपून ठेवलं.

ज्या बाईने उभ्या आयुष्यात विनानंबर रांगेत पाऊल टाकलं नव्हतं, ती आता बंदरंच्या बंदरं जाळत सुटली. जहाजाला एक डॉक्टर मिळतो. त्याला जपा, तो जखमींना बरं करतो, असं गेममध्येच लिहिलेलं आहे. सिस्टरने त्याला पहिल्या चढाईत सगळ्यांच्या पुढे पाठवलं. तो गेला. पुढच्या बंदरात दुसरा घेतला, तोही गेला. तिसरा चिवट निघाला, आठवडाभर पुरला. चौथा तिने घेतलाच नाही, पट्ट्या बांधायचं काम स्वयंपाक्याला दिलं.

या गेमची एक रीत अशी की मेलेला माणूस मेला. परत येत नाही. जहाजाच्या मागच्या फळीवर त्याच्या नावाने एक रेघ उमटते, बस. सिस्टरला हे फार पटलं. तिने एक वही केली. जिवंत माणसासमोर बरोबरची खूण, मेलेल्यासमोर फुली. नऊ वर्षांत हिशेब असा झाला होता : एकूण एकेचाळीस, जिवंत अठरा, फुल्या तेवीस.

तेवीसपैकी बावीस फुल्या तिने बिनदिक्कत मारल्या होत्या. एक नव्हती मारवली. म्हाताऱ्या सुकाणूवाल्याची. तो पहिल्या दिवसापासून तिच्याबरोबर होता आणि त्याला एकच वाक्य येत असे : "वारा आपल्या बाजूने आहे, कॅप्टन." वारा उलटा असला तरी हेच. चौथ्या वर्षी भर वादळात दाराची बेल वाजली, आणि सिस्टर थांबवायचं बटण न दाबताच उठली. दारात एक तरुण घामाने निथळत उभा होता. लेकीचा हात मागायला आला होता. त्याला बसवून, पाणी देऊन, होकार देऊन ती परत आली, तेव्हा जहाज खडकावर होतं आणि मागच्या फळीवर नवीन रेघ होती.

तो तरुण पुढे जावई झाला. जावई म्हणून त्याच्यात काही खोट नव्हती. पण सासू आपल्याला जेवण वाढताना मध्येच हात थांबवून असं का बघते, हे त्याला बरेच दिवस कळलं नाही.

आता यंत्राची घटका भरत आली होती. पडद्याचा उजवीकडचा तिसरा हिस्सा काळा पडला होता, त्यामुळे उजवीकडून येणारी जहाजं धडकल्यावरच कळायची. बटणं घासून गुळगुळीत झाली होती. त्यात पाठीमागचं झाकण फुगलं. सिस्टरने बोट दाबून बघितलं आणि निदान केलं, "सूज आहे."

"बॅटरी आहे, आई. सोडा ते, फुटेल." जावई म्हणाला.

तो एका पंपांच्या कारखान्यात कॉम्प्युटर खात्याचा मुख्य होता. त्याने तसंच दुसरं यंत्र जुन्या मालाच्या दुकानातून मिळवून आणलं. पण नुसत्या यंत्राने भागणार नव्हतं. नऊ वर्षांचा खेळ जुन्याच्या पोटात, आणि तो बाहेर काढायची कंपनीने सोयच ठेवलेली नव्हती. एकातून दुसऱ्यात न्यायची एक सेवा होती, ती कंपनीने बंद करून टाकली होती.

"मग?" सिस्टरने विचारलं.

"मग कस्टम फर्मवेअर. म्हणजे यंत्राचा जो मूळ प्रोग्रॅम असतो ना, सगळ्याला परवानगी देणारा किंवा न देणारा, त्याच्या डोक्यावर आपला दुसरा बसवायचा. लोकांनी हौसेने लिहिलेला. मग यंत्र आपलं ऐकतं. तुमचा खेळ काढायचा, नव्यात टाकायचा. होऊन जाईल."

सिस्टरच्या कपाळावर आठी चढली. 'होऊन जाईल' असं ज्यांच्या ज्यांच्या तोंडून तिने ऐकलं होतं, त्यांचे पेशंट तिला नंतर पुन्हा टेबलावर भेटले होते.

"आणि नाही झालं तर?"

"तर वीट. म्हणजे यंत्र बंद पडतं कायमचं. त्याला वीट होणं म्हणतात."

"आणि माझी माणसं?"

जावयाने मान खाजवली. लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, त्याला घाबरवू नकोस गं, त्याचे हात कापतात!"

रविवारी सकाळी दहाला जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली गेली. सिस्टरने सगळ्या सूचना चौदा कागदांवर छापून आणवल्या होत्या आणि प्रत्येक पायरीसमोर पेनने चौकोन काढले होते. नवरा खिडकीपाशी पेपर घेऊन बसला, पण पेपर उलटा होता. जावयाने जुन्याची सुजलेली बॅटरी काढली आणि नव्याची त्यात घातली. दोन्हीला एकच चालत होती.

"रक्त चढवलं म्हणायचं," नवरा पेपरामागून म्हणाला.

"पेशंटने मध्ये बोलायचं नाही," सिस्टर म्हणाली. "यंत्रात घालायच्या कार्डात फाइली किती हव्यात?"

"आई, मी कॉपी केल्यात काल."

"किती?"

"सात."

"मोजा."

जावयाने लॅपटॉपवर मोजल्या. सहा निघाल्या. सातवी एका फोल्डरच्या आत जाऊन बसली होती. ती बाहेरच असायला हवी होती. जावई म्हणाला, "ती तशी चालते कधीकधी." सिस्टरने नुसता हात पुढे करून कार्ड मागितलं. सातवी बाहेर आली.

मग डावं वरचं बटण आणि खालचा बाण दाबून धरून यंत्र सुरू करायचं होतं. केलं. काळा पडदा, त्यावर एक पांढरी ओळ : कार्डावर लिहिता येत नाही. पुन्हा केलं. तीच ओळ. जावयाने शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला, वारा नुसता गेला. "दुकानदाराने खराब कार्ड दिलं. दुसरं आणावं लागेल. नाहीतर यंत्रच गेलं असेल. जुनं आहे ना, आई, शेवटी..."

सिस्टरने कार्ड काढून डोळ्यांजवळ धरलं. त्याच्या कडेला तांदळाएवढी एक पट्टी होती, शेजारी कुलपाचं बारीक चित्र, आणि ती खाली सरकवलेली होती. कुणी सरकवली, ते तिला लगेच आठवलं. मघाशी सातवी फाइल बाहेर आल्यावर कार्ड यंत्रात घालताना तिनेच. बत्तीस वर्षं विषारी औषधांच्या कपाटाला कुलूप लावलेल्या हाताला, सरकणारी कुठलीही गोष्ट दिसली की ती बंद करावीशी वाटते. तिने नखाने पट्टी वर केली, कार्ड पदराला पुसलं आणि परत दिलं.

"आता करून बघा."

झालं. पांढरी यादी उमटली. जावई खूश. "बघा! दोनदा बंद-चालू केलं की येतं. ही युक्ती असते."

"असेल," सिस्टर म्हणाली. खरं सांगायची तिची इच्छा नव्हती असं नाही. पण घाईही नव्हती.

पुढची पायरी होती यंत्राच्या पोटातल्या सगळ्याची प्रत काढायची. पंचवीस मिनिटं लागणार होती. जावई म्हणाला, ही पायरी भित्र्या लोकांसाठी असते, आपण सोडून देऊ. सिस्टरने कागदावरचा चौकोन दाखवला. रिकामा होता. जावयाने सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी पेपर आणखी वर धरला. पंचवीस मिनिटं सगळे एका पांढऱ्या पट्टीला पुढे सरकताना बघत बसले. लेक मध्येच येऊन म्हणाली, "माझ्या बाळंतपणात तरी एवढी माणसं होती का?"

प्रत निघाली. नवं फर्मवेअर बसलं. मिनिटभर पडदा पार काळा झाला, त्या मिनिटात सिस्टर श्वास घ्यायला विसरली आणि जावई देवाला आठवू लागला. मग यंत्र नीट उठलं, जणू झोपेतून. जावयाने खेळाची फाइल काढून कार्डावर घेतली. नव्या यंत्रावरही सगळं तसंच करायचं होतं, पण आता हात बसला होता. नव्याचं फर्मवेअर अर्ध्या तासात झालं.

तेवढ्यात साडेबारा वाजले. नवऱ्याच्या जेवणाआधीच्या इन्सुलिनची वेळ. सिस्टर त्याला आत घेऊन गेली. सुई, कापूस, मग त्याची रोजची तक्रार, मग तिचं रोजचं उत्तर, अशी दहा मिनिटं गेली. परत आली, तर जावई नवं यंत्र दोन्ही हातांत धरून, नैवेद्याच्या ताटासारखं पुढे करून उभा. चेहरा असा, की आता कुणीतरी टाळ्या वाजवाव्यात.

"झालं, आई. खेळ आलाय. आता जुनं पुसून टाकतो, दुकानदार बदल्यात घ्यायला तयार आहे."

"थांबा. मोजल्याशिवाय नाही."

तिने चष्मा लावला, वही उघडली, खेळ सुरू केला. पडदा लख्ख. उजवीकडचं सगळं दिसत होतं. जहाज तेच, फाटकं शीड तेच. तिने माणसांची यादी उघडली आणि मोठ्याने मोजायला लागली. अठरावर थांबायला हवं होतं. एकोणीस आला. वीस आला. पंचविसाला तिचा आवाज खाली गेला. एकेचाळीसवर यादी संपली. ती मागच्या फळीवर गेली. फळी कोरी होती. एकही रेघ नाही.

आणि डेकवर, एका रांगेत, पांढऱ्या कपड्यांतले तिन्ही डॉक्टर उभे होते.

"हे काय आहे?" सिस्टरने विचारलं.

"सरप्राइज!" जावई म्हणाला. "फाइल लॅपटॉपवर उघडता येते, आई. एक एडिटर मिळाला. तुमचे सगळे मेलेले परत आणले."

"कुणी सांगितलं होतं?"

"नाही, मला वाटलं..."

"तीन-तीन डॉक्टर माझ्या जहाजावर! मी चढाईत पुढे पाठवून एकेकाला घालवलाय, आणि तुम्ही तिघांना रांगेत आणून उभं केलंत? आता हे तिघं मला सांगणार, सिस्टर, सुई द्या, सिस्टर, सुई द्या!"

लेक हसत होती, ती थांबली. नवऱ्याने पेपर खाली ठेवला.

जावयाचे कान लाल झाले. "मला सगळे नव्हते आणायचे," तो म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात 'होऊन जाईल' नव्हतं. "मला एकच आणायचा होता. तो म्हातारा. सुकाणूवाला. हिने मला लग्नानंतर सांगितलं, मी बेल वाजवली त्या दिवशी... तर म्हटलं, तेवढा एक तरी आणून द्यावा. पण त्या एडिटरमध्ये एकेक उठवता येत नाही. सगळे उठतात, नाहीतर कुणीच नाही."

सिस्टरने बोटाने यादी खाली नेली. होता. शेवटून दुसरा. ती त्याच्यापाशी गेली आणि बटण दाबलं.

"वारा आपल्या बाजूने आहे, कॅप्टन."

पडद्यावर वारा सरळ तोंडावर येत होता. सिस्टरने ते वाक्य तीनदा ऐकलं. मग त्याला सुकाणूवर ठेवून जहाज बंदराबाहेर काढलं, खाडीला एक चक्कर मारली. खडकांजवळून नेलं, मुद्दाम. म्हातारा तेच म्हणत राहिला. जावई दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, जसा पाच वर्षांपूर्वी उभा होता, फक्त आता घाम कमी होता.

"ठेव ना गं, आई," लेक हळूच म्हणाली. "डॉक्टरांना एकेक करून मार पुन्हा. तुला काय अवघड आहे?"

सिस्टरला मोह झाला नाही असं कुणी म्हणू नये. एका बाजूला म्हातारा होता. दुसऱ्या बाजूला नऊ वर्षं होती. त्यातली पाच तिने त्याच्याशिवाय काढली होती, त्याच्याशिवाय वाट शिकली होती, चुकली होती, आणि तिच्या लेखी तीच खरी कॅप्टनगिरी होती. आता त्या पाच वर्षांत काही झालंच नाही, असं हे जहाज म्हणत होतं.

"आमच्याकडे मेलेला माणूस टेबलावर उठून बसला, तर आम्ही पेढे वाटत नव्हतो," ती म्हणाली. "आधी चूक कुणाची ते बघत होतो." तिने जहाज परत बंदराला लावलं आणि यंत्र बंद केलं. "जुनं पुसलंय का?"

"नाही. तुम्ही थांबा म्हणालात."

"बसा जेवायला सगळे. मला कुणी नको इथे."

ते आत जेवत असताना तिने एकटीने चौदा कागद पुन्हा पहिल्यापासून घेतले, आणि पेनने जुन्या खुणांशेजारी नव्या खुणा केल्या. बॅटरी जुन्यात, खेळ बाहेर, बॅटरी नव्यात, खेळ आत. जिथे यंत्राने विचारलं, आधीचा खेळ कायमचा पुसायचा का, तिथे तिचा अंगठा बटणावर जरा वेळ राहिला. मग तिने दाबलं. आत जावई सासऱ्यांना हळू आवाजात विचारत होता, "फार चिडल्यात का?" आणि सासरे म्हणत होते, "नाही हो. चिडली असती तर तुम्हाला जेवायला बसा म्हणाली असती का? आणखी भात घ्या."

ती यंत्र घेऊन आत आली आणि उभ्यानेच मोजलं. जिवंत अठरा. फळीवर रेघा तेवीस. "जुळलं," ती म्हणाली. "पुसा ते जुनं."

मग ती जावयाच्या शेजारच्या खुर्चीत बसली, ताट पुढे ओढलं नाही, आणि जहाज समुद्रात घातलं. पहिलंच जहाज उजवीकडून आलं आणि या खेपेला ते तिला आधी दिसलं. तिने हल्ला केला. पण या यंत्राची बटणं कोरी होती, गुळगुळीत झालेल्या बटणांवर जोर लावायची सवय झालेल्या अंगठ्याने एकाच्या जागी दोनदा हुकूम दिला. तोफेवरचा माणूस उडी मारून पलीकडच्या जहाजावर गेला, आणि तिथेच राहिला.

"गेला?" नवऱ्याने विचारलं.

"गेला."

जावई घास हातात धरून म्हणाला, "आई, आपल्याकडे आत्ताच काढलेली प्रत आहे. एका मिनिटात..." लेकीने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्याने घास तोंडात घातला. सिस्टरने वही ओढून घेतली, फुली मारली, चोवीस लिहिलं, आणि पेन जावयाच्या ताटाशेजारी ठेवलं.

"बटणं फार नाजूक आहेत तुमच्या यंत्राची," ती म्हणाली, आणि पुढच्या जहाजाच्या मागे लागली.